कोपऱ्यातला जुना सीपीयू आणि घरचा टीव्ही

आपल्या वस्त्यांत संगणक आला तो बहुधा हप्त्यावर, नाहीतर कुणाच्या तरी कार्यालयातून निकाली निघालेला. मुलगा एमएस-सीआयटीला बसला, मुलगी बारावीला गेली, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ती वस्तू. पुढे हातोहाती मोबाइल आला आणि संगणक कोपऱ्यात गेला. त्याच्यावर प्लॅस्टिकचे कव्हर चढले आणि कव्हरावर धुतलेले कपडे. अशा संगणकाचे करायचे काय, ही विचारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर आमच्याकडे वाढली. त्या तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. दुकानदार म्हणतो नवा घ्या, भाचा म्हणतो विकून टाका, आणि घरातील बाई म्हणते की लग्नाच्या सीड्या ह्याच्यातच लागायच्या, त्यांचे काय?

आम्हांला त्या बाईचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून जुन्या संगणकाला टीव्ही जोडून घरचे शूटिंग, फोटो, गाणी व पिक्चर पाहायचे आणि जपून ठेवायचे, तर त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी, एवढ्याच विषयापुरते आम्ही लिहिणार आहोत. होम थिएटर म्हटले की श्रीमंताच्या दिवाणखान्यातले पाच स्पीकर डोळ्यांपुढे येतात. ते येथे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर जो टीव्ही आहे, तेच आपले थिएटर.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचे तर डब्यातील सर्व भागांना कामाला लावणारा मुकादम. डिस्क, पडदा, आवाज, रिमोट ही सारी मंडळी त्याच्या हाताखाली. मुकादम कोणता ठेवायचा हे कामावरून ठरते. कामे दोन आहेत. एक दाखविण्याचे, म्हणजे टीव्हीच्या मागे बसून पिक्चर चालविणे. दुसरे सांभाळण्याचे, म्हणजे सर्व फायली एका ठिकाणी ठेवून मागेल त्या टीव्हीला व मोबाइलला पुरविणे; ह्याला मीडिया सर्व्हर म्हणतात. एकाच डब्याकडून दोन्ही कामे होऊ शकतात, पण त्यांच्यासाठी योग्य मुकादम एकच असतो असे नाही. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो.

दिले आणि काढून घेतले

टीव्हीचे हे काम विंडोजने एकेकाळी मनावर घेतले होते. २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ नावाची आवृत्ती निघाली. पलंगावर बसून रिमोटने चालवता येईल असा मोठ्या अक्षरांचा पडदा, त्यात फोटो, गाणी, डीव्हीडी, आणि टीव्हीचे कार्ड बसविले तर कार्यक्रम रेकॉर्ड करण्याचीही सोय. पुढे व्हिस्टा आणि २००९ चे विंडोज ७ यांच्या वरच्या घरगुती आवृत्त्यांत ते सोबतच मिळू लागले. विंडोज ८ मध्ये ते वेगळी वस्तू म्हणून विकायला काढले. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा ते संपूर्ण काढून टाकले. जो ७ वरून १० वर गेला, त्याच्या संगणकातून मीडिया सेंटर नाहीसे झाले. डीव्हीडी चालविण्याची सोयसुद्धा विंडोज ८ पासून सिस्टीमसोबत मिळेनाशी झाली. ती अडचण व्हीएलसी ह्या मोफत प्लेअरने सुटते, म्हणून फारशी कुणाला जाणवली नाही एवढेच. परंतु जी सोय दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते ती मर्जी फिरली की जाते, हे त्यातून दिसले.

आता विंडोज ११. हा मुकादम कामाला वाईट नाही, पण जुन्या कामगाराला दारातच उभा करीत नाही. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क पाहिजे. तेवढे पुष्कळांकडे असते. परंतु टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही पाहिजे आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला पाहिजे. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे ढोबळमानाने २०१७ च्या उत्तरार्धापूर्वीचे, बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. पिढी ओळखणे सोपे आहे. आय-थ्री २१०० असे लिहिले असेल तर चार आकड्यांपैकी पहिला २, म्हणजे दुसरी पिढी. ६१०० म्हणजे सहावी. आपल्या घरांतील निम्म्याहून अधिक डबे ह्या परीक्षेत नापास होतील असा आमचा अंदाज आहे. चोरवाटेने विंडोज ११ चढविण्याच्या युक्त्या आहेत, पण पुढे देखभाल मिळेलच ह्याची हमी कंपनी देत नाही.

विंडोज १० तसेच चालू ठेवले तर? संगणक बंद पडत नाही, सीडी लागते, गाणी वाजतात. ज्यांनी कंपनीकडे वाढीव देखभालीची नोंद केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत दिली गेली. इतरांना सुरक्षेचे दुरुस्तीचे तुकडे मिळत नाहीत. तेव्हा इंटरनेटची वायर काढून, वायफाय बंद करून, नुसता प्लेअर म्हणून तो वापरायला हरकत नाही. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत. आणि कॉलनीतला एखादा मुलगा चार पैशांत ‘विंडोज मारून’ देतो, त्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. विंडोज खरे असल्याचे सोंग आणणारी जी फाईल तो आत टाकतो, तिच्यातून आणखी काय आत आले हे त्या मुलालाही ठाऊक नसते. शिवाय मारताना डिस्क पुसली जाते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे पाच वर्षांचे फोटो एका दुकानात असेच गेले. दुकानदाराने आधी विचारले नाही आणि घरच्यांना सांगायचे सुचले नाही.

घरात संगणक एकच आहे, मुलगी त्याच्यावर टॅली शिकते, आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तर विंडोजच ठेवावे. त्यात कोडी किंवा व्हीएलसी टाकले की टीव्हीचे काम भागते. लिनक्स चांगले म्हणून मुलीचा अभ्यास बंद पाडण्यात काही शहाणपण नाही.

टीव्हीपुरता एकच मुकादम

लिनक्स हे नाव आता नवे राहिलेले नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला, आणि तो कुणालाही वापरता, पाहता व बदलता येईल अशा अटीवर खुला झाला. त्याच्यावर उभ्या राहिलेल्या सिस्टीम अनेक आहेत. त्यांतील टीव्हीच्या कामासाठी आम्ही ज्याचे नाव पहिले घेतो ते लिबरइलेक. ओपनइलेक नावाच्या जुन्या प्रकल्पातील मंडळी २०१६ मध्ये वेगळी झाली व त्यांनी हे काढले. त्याच्यात एकच कार्यक्रम चालतो, तो म्हणजे कोडी. संगणक सुरू केला की थोड्याच वेळात टीव्हीवर मोठ्या अक्षरांची यादी येते: चित्रपट, संगीत, छायाचित्रे. मध्ये पासवर्ड नाही, अपडेटची पाटी नाही, ‘थांबा, आम्ही तयारी करीत आहोत’ नाही.

कोडीचा जन्म गमतीदार आहे. एक्सबॉक्स ह्या खेळाच्या यंत्रावर पिक्चर पाहता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी २००२ च्या सुमारास एक प्लेअर लिहायला घेतला. एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचे, आणि कंपनीने त्याला परवानगी दिलेली नव्हती. पुढे तो सर्व प्रकारच्या संगणकांवर चालू लागला, आणि २०१४ मध्ये त्याचे जुने एक्सबीएमसी हे नाव बदलून कोडी झाले. कोडी स्वतः एकही पिक्चर देत नाही. आपल्याकडे जे आहे ते दाखवितो. ‘कोडी भरून देतो, सगळे चॅनेल फुकट’ असे सांगणारा भेटला तर तो चोरीचा माल विकतो आहे असे समजावे.

आमच्या परिचयात एक भगिनी आहेत. पती महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. ते आता नाहीत. थोरल्या मुलीच्या लग्नाचे शूटिंग तीन व्हीसीडींवर होते. दुसऱ्या सीडीत दारात उभे राहून व्याह्यांचे स्वागत करताना ते चार वाक्ये बोलतात. त्यांचा आवाज असलेले घरात दुसरे काहीही नाही. सीडीचा प्लेअर कधीच बंद पडला होता. घरात दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १० असलेला सीपीयू होता. पुतण्या हौशी. तो पेन ड्राइव्हवर लिबरइलेक घेऊनच आला होता आणि लगेच टाकायला निघाला. आम्ही म्हटले, “बाळा, जरा दम धर. आधी सीड्या उतरवून घे, मग विंडोज काढ.”

ह्याचे कारण तांत्रिक आहे, पण जाणून घेण्यासारखे आहे. व्हीसीडी ही १९९३ मध्ये ठरलेली जुनी पद्धत. तिच्यात चित्राची माहिती साध्या डेटा सीडीसारखी लिहिलेली नसते. एका सीडीवर ७४ मिनिटांचा पिक्चर बसावा म्हणून चुका सुधारण्यासाठी राखलेली जागासुद्धा चित्रालाच वापरलेली असते. विंडोजमध्ये ती सीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरात डॅट फाईल दिसते. ती सरळ कॉपी होते आणि व्हीएलसीत लागते. लिनक्समध्ये तीच फाईल दिसते, पण साधी कॉपी करू गेले की वाचण्यात चूक आली म्हणून थांबते. सीडी खराब आहे असे वाटून माणूस ती टाकून देतो, आणि सीडी बिचारी चांगली असते. लिनक्सवर त्यासाठी व्हीसीडीएक्सरिप नावाचे वेगळे अवजार वापरावे लागते. ते चालते, पण ज्याच्या डब्यात अजून विंडोज आहे त्याने आधी तेथेच हे काम उरकून घ्यावे हे बरे.

त्या भगिनींच्या दोन सीड्या पूर्ण उतरल्या. तिसरीवर ओरखडे होते. तिच्यातील काही मिनिटे ह्या ड्राइव्हने वाचलीच नाहीत. शेजारच्या दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली तेव्हा त्यांतील बहुतेक आली. एक ड्राइव्ह वाचत नाही ती सीडी दुसरा वाचतो, हा अनुभव अनेकांचा आहे. व्हीसीडीचा एक मिनिट साधारण १० एमबी होतो. म्हणजे लग्नाच्या तीन सीड्या सव्वादोन जीबीत बसतात, आणि १६० जीबीच्या जुन्या डिस्कवर अशा दोनशेच्या घरात सीड्या मावतात. मोबाइलवरच्या शूटिंगचा एक मिनिट शंभर एमबीच्या आसपास जातो, हे पाहिले म्हणजे जुन्या लोकांनी थोडक्यात किती भागविले ते कळते.

मग लिबरइलेक टाकले. भगिनींची शंका एकच होती. “भाऊ, हे चालू करायला मला इंग्रजी वाचावं लागंल का?” कोडीत एक सोय आहे. ज्या फोल्डरात फायली आहेत त्यातच एखादा फोटो ‘फोल्डर डॉट जेपीजी’ ह्या इंग्रजी नावाने ठेवला, तर पडद्यावर फोल्डरच्या जागी तो फोटो दिसतो. लग्नाच्या फोल्डरवर नवरा-नवरीचा फोटो, नातवाच्या फोल्डरवर नातू. त्या आता अक्षर न वाचता फोटोवर जाऊन बटण दाबतात.

रिमोटचेही सांगितले पाहिजे. टीव्हीच्याच रिमोटने चालावे अशी सोय एचडीएमआयच्या वायरीतून होते, तिला सीईसी म्हणतात. रास्पबेरी पाय ह्या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकात ती असते. नेहमीच्या सीपीयूत सहसा नसते. तेव्हा यूएसबीला लागणारा बिनतारी छोटा रिमोट घ्यावा, किंवा मोबाइलवर कोडीचेच ‘कोरे’ नावाचे ॲप टाकावे. वयस्कर माणसासाठी पहिला मार्ग चांगला. बाण, ओके आणि मागे जाण्याचे बटण, एवढी बटणे पुरतात. डब्याला एचडीएमआय नसून जुनी निळी व्हीजीए वायर असेल तर तिच्यातून आवाज जात नाही, त्याची वायर निराळी लावावी लागते. चित्र आले आणि आवाज नाही म्हणून सिस्टीमला दोष देणारे आम्ही पाहिले आहेत.

लिबरइलेक आम्हांला आवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपल्याकडची वीज. विंडोज चालू असताना दिवे गेले की पुढच्या वेळी तो काय म्हणेल सांगता येत नाही. लिबरइलेकमध्ये मूळ सिस्टीमची फाईल फक्त वाचण्यासाठी उघडलेली असते, तिच्यावर काही लिहिले जात नाही. त्यामुळे मुलाने धाडकन बटण बंद केले तरी ती बहुधा सुखरूप उठते. फायली ज्या डिस्कवर आहेत तिला मात्र असे धक्के चांगले नव्हेत. शिवाय डिस्कला हात न लावता लिबरइलेक पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. आधी तसे बघावे, आवाज येतो का, चित्र अडकते का ते पाहावे, मगच कायमचे टाकावे. कायमचे टाकताना निवडलेली डिस्क संपूर्ण पुसली जाते.

चित्र अडकण्याचे म्हणाल तर दोष सिस्टीमचा कमी आणि प्रोसेसरच्या पिढीचा जास्त असतो. व्हीसीडी आणि डीव्हीडी कोणताही डबा चालवितो. एच २६४ ही पद्धत २००३ ची. ती उलगडण्याची खास सोय इंटेलच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे २०११ पासून पक्की आहे. एच २६५ ही २०१३ ची, तिला सहावी पिढी लागते आणि तिचा दहा बिटांचा प्रकार असेल तर सातवी. नव्या मोबाइलचे शूटिंग पुष्कळदा एच २६५ मध्ये असते. जुना डबा त्याच्यापुढे धापा टाकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘जास्त चालणारी’ किंवा एच २६४ अशी निवड असते, ती आधीच करून ठेवावी.

लिबरइलेकची उणीवही सांगतो. त्याच्यात पत्र टाइप होत नाही, फॉर्म भरता येत नाही. टीव्हीखेरीज दुसरे काम हवे असेल तर लिनक्स मिंट टाकून त्यात कोडी घ्यावे. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांचेही लिनक्सवर पूर्ण समाधान होत नाही. त्या कंपन्या आपला माल सर्वांत स्पष्ट अशा फोर-केमध्ये लिनक्सच्या ब्राउझरला देत नाहीत. तो शौक असेल तर टीव्हीतले ॲप बरे.

सांभाळणारा डबा

एका खोलीच्या घराला वेगळा मीडिया सर्व्हर लागत नाही, असे आमचे मत आहे. लिबरइलेकच्या डब्यातील डिस्क घरच्या वायफायवरून दुसऱ्या संगणकाला उघडून देता येते, तेवढे पुरते. सर्व्हरचा खरा उपयोग जेथे पाहणारे अनेक आहेत तेथे. आमच्या भागातील एका अभ्यासिकेचे उदाहरण देतो. दहावीची मुले संध्याकाळी येतात. गणिताचे तास वस्तीतलेच एक शिक्षक घेतात, ते मोबाइलवर रेकॉर्ड केलेले आहेत. मुलांना ते पुन्हा पाहायचे असतात, पण प्रत्येकाच्या नेटपॅकला ते परवडत नाही. तेथे चौथ्या पिढीचा दान मिळालेला सीपीयू होता, ४ जीबी रॅमचा. त्याच्यात डेबियन टाकले आणि त्याच्यावर जेलीफिन. मुले वायफायला जोडतात, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्या डब्याचा क्रमांक आणि पुढे ८०९६ टाकतात, आणि तास सुरू होतो. इंटरनेटचा एक पैसाही खर्च होत नाही, कारण माहिती खोलीच्या बाहेर जातच नाही.

डेबियन का? ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेली सिस्टीम आहे. तिच्यामागे विकायला बसलेली कंपनी नाही. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीला पाच वर्षे देखभाल मिळते. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली. टाकताना भाषांच्या यादीत मराठीही आहे. सर्व्हरला पडदा, माउस लागत नाही. दुसऱ्या संगणकावरून त्याचा कारभार होतो. आज्ञा टाइप करण्याची धास्ती वाटत असेल तर डेबियनवरच उभे असलेले ओपनमीडियाव्हॉल्ट घ्यावे. त्यात ब्राउझरमधून टिचक्या मारून डिस्क, फोल्डर, माणसे यांची व्यवस्था लावता येते. ट्रूनासचे नाव पुष्कळ ऐकू येते. ते चांगले आहे, पण ८ जीबी रॅमपासून पुढे मागते आणि अनेक डिस्का असतील तर शोभते. आपल्या डब्याला तो पोशाख मोठा होतो.

आता सर्व्हरच्या कार्यक्रमाविषयी, कारण येथे एक इतिहास घडला आहे. प्लेक्स हा सर्वांत सोपा. तो २००८ मध्ये एक्सबीएमसीपासूनच फुटून निघाला व पुढे कंपनीचा झाला. २९ एप्रिल २०२५ पासून स्वतःच्याच घरातील फायली बाहेरगावाहून पाहायला त्याने पैसे लावले. आजन्म वर्गणी १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेली. एम्बी हा दुसरा. त्याचा कोड आधी खुला होता, २०१८ च्या डिसेंबरात तो बंद करण्यात आला. त्याच महिन्यात काही कार्यकर्त्यांनी शेवटचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तीच जेलीफिन. त्याला वर्गणी नाही, कंपनीकडे खाते उघडावे लागत नाही, आणि इंटरनेट नसलेल्या खोलीतही तो चालतो. दिसायला प्लेक्स अधिक देखणा आहे हे मान्य. पण अभ्यासिकेच्या वहीत दर महिन्याचा डॉलरचा खर्च लिहायला जागा नाही.

जेलीफिन चालविताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोरच्या मोबाइलला फाईलची पद्धत कळत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवितो; त्याला काहीच कष्ट नाहीत. कळत नसेल तर तो जागच्या जागी तिचे रूपांतर करून देतो, आणि चौथ्या पिढीच्या डब्याला अशी दोन-तीन रूपांतरे एकदम आली की तो मान टाकतो. म्हणून अभ्यासिकेत सर्व तास आधीच हँडब्रेक ह्या मोफत कार्यक्रमातून एच २६४ मध्ये, ७२० रेषांचे, सेकंदाला दोन मेगाबिट ह्या मापाचे करून ठेवले. हे काम रात्री लावून द्यायचे. चाळीस मिनिटांचा तास ६०० एमबी होतो. ५०० जीबीच्या डिस्कवर आठशेच्या आसपास तास बसतात. दहा मुले एकदम पाहू लागली तरी वीस मेगाबिट लागतात. साध्या राऊटरला ते जड नाही. फळ्यावरचे अक्षर ७२० मध्ये नीट वाचता येते, ते आम्ही शेवटच्या बाकावर बसून पाहिले आहे.

राऊटरमध्ये दार उघडून हा सर्व्हर बाहेरच्या जगाला दाखविण्याचा मोह कुणा हुशार मुलाला होईल. तो आवरावा.

विजेचे बिल

सर्व्हर म्हटला की चोवीस तास चालू, असे नवे लोक धरून चालतात. जुना टेबलावरचा संगणक काही न करता ६० वॅट सहज घेतो. चोवीस तासांत १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. आपल्या बिलावर शेवटचा टप्पा कोणत्या दराने लागतो तो पाहून गुणाकार करावा. डबा फुकट मिळाला असला तरी वर्षभरात तो फुकट राहत नाही. तोच रोज चार तास चालविला तर महिन्याला सव्वासात युनिट. अभ्यासिकेत म्हणूनच कुलूप काढताना तो सुरू होतो आणि कुलूप लावताना बंद होतो. ज्यांना खरोखर दिवसरात्र चालवायचा आहे त्यांनी जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय घ्यावा. पाय चार-पाच वॅटांवर राहतो. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर दिवे गेल्यावर काही वेळ तीच यूपीएसचे काम करते. बॅटरी फुगली असेल तर मात्र ताबडतोब काढावी.

बाजारात टीव्हीला लावायचे स्वस्त, बिननावाचे अँड्रॉइडचे डबे मिळतात. ते घेऊ नयेत. अशा डब्यांत कारखान्यातूनच घुसखोर कार्यक्रम भरलेले असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीरपणे दिला होता. आपल्या घरचे वायफाय चोराला भाड्याने दिल्यासारखे ते होते.

डिस्क एक ना एक दिवस जाणारच, मग सिस्टीम कोणतीही असो. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड नावाची पद्धत पुष्कळ जण सुचवितात, पण ती म्हणजे दुसरी प्रत नव्हे. फाईल चुकून पुसली तर ती दोन्हीकडे पुसली जाते. घरात पाणी शिरले तर दोन्ही एकत्र भिजतात. त्या पैशांत यूएसबीला लागणारी वेगळी डिस्क घ्यावी, वर्षातून दोनदा तिच्यावर सर्व कॉपी करावे, आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. त्या भगिनींनी ती गावी मुलीकडे ठेवली आहे. ही डिस्क एक्सफॅट पद्धतीने तयार केली तर विंडोज व लिनक्स दोन्हींवर उघडते. जुन्या टीव्हीला ती कळतेच असे नाही. फॅट ३२ बहुतेकांना कळते, पण तिच्यात ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही.

राहता राहिले पेंटियम फोर आणि तसे जुने बत्तीस बिटांचे डबे. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी टाकण्याची सोय राहिलेली नाही. बारावी आवृत्ती टाकता येते आणि तिची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. लिबरइलेक त्यांच्यावर चालत नाही. वीज खाण्यात ते सर्वांत पुढे. तेव्हा त्यांच्यात जीव घालण्यापेक्षा भंगारात दिलेले बरे. मात्र देण्यापूर्वी आतली हार्ड डिस्क काढून घ्यावी. रुंद पट्टीच्या वायरीची असली तरी तिला यूएसबीत जोडणारी वायर मिळते. तिच्यात कुणाचे काय राहिले आहे, ते घरातल्या सर्वांनी एकदा बसून पाहावे.